फावला वेळ म्हंजे कवाचा?

गेल्या डिसेंबरात फोंड्याजवळच्या एका गावी वाचनालयाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. माझं बोलणं झालं, चहा आला, आणि एका शिक्षिकेने विचारलं, "सर, तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं?" मी म्हटलं, 'झोंबी'. त्यांचा चेहरा जरासा उतरला. बोरकर किंवा लक्ष्मणराव सरदेसाई असं काही ऐकायची त्यांची तयारी असावी. "गोव्याच्या माणसाला 'झोंबी'?" असं त्या हसत म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला. मला मात्र तो घरी येईपर्यंत पुरला. खरंच, माडापोफळीत वाढलेल्या, भातशेतीपलीकडची शेती लहानपणी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाला कागलच्या एका शेतकऱ्याच्या पोराची कथा एवढी जवळची का वाटावी?

त्याचं उत्तर एका गावात आहे. कोगनोळी त्या गावाचं नाव.

गोव्याहून कोल्हापूरला जाणाऱ्यांना हे गाव माहीत असतं, पण गाव म्हणून नव्हे, नाका म्हणून. आंबोलीचा घाट चढून, आजरा मागे टाकून निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्ता लागला की थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका येतो. पुढे दूधगंगेवरचा पूल, आणि पूल ओलांडला की महाराष्ट्र, कागल. सीमाप्रश्नावरून दोन्हीकडे तापलं की पोलिसांचे कठडे इथेच लागतात. करोनाच्या दिवसांत गाड्या थांबवून कागद तपासले जात तेही इथेच. आपण काच खाली करतो, पैसे देतो (आता तेही फास्टॅगने परस्पर जातात) आणि निघतो. नाक्याच्या आतल्या बाजूला हजारो माणसांचं एक गाव आहे, तिथे शाळा आहेत, देवळं आहेत, दूध डेऱ्या आहेत, हे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नसतं.

१९८८ ते १९९० मी कोल्हापूरला अर्थशास्त्रात एम.ए. करत होतो. हॉस्टेलवर माझ्या खोलीत जो मुलगा होता त्याला सगळे 'कोगनोळी' म्हणूनच हाक मारायचे. हॉस्टेलचा रिवाजच तसा. मी 'ए गोवा', तो 'ए कोगनोळी'. रसायनशास्त्राचा विद्यार्थी, अंगाने काटक, बोलायला फटकळ. वक्तृत्व स्पर्धेत त्याला 'झोंबी' बक्षीस मिळाली होती. पुस्तक नुकतंच, १९८७ साली आलेलं, आणि कोल्हापुरात त्याची बरीच चर्चा होती. आनंद यादव शेजारच्या कागलचे, म्हणून तर फारच. बक्षीस घेऊन आला तशी ती त्याने माझ्या गादीवर टाकली. म्हणाला, "घे. तू वाच. मला नको."

मी वाचायला घेतली आणि वीस-पंचवीस पानांत खाली ठेवली.

का ठेवली ते प्रामाणिकपणे सांगतो. मला ती भाषाच लागेना. आम्ही घरी कोंकणी बोलणारे, शाळेत आणि देवळातल्या कीर्तनात मराठी शिकलेले. आमची मराठी म्हणजे पुस्तकी मराठी, थोडी संगीत नाटकातली. संवादांतल्या बोलीपाशी मी दर दोन ओळींनी अडखळायचो. आणि खरं म्हणजे, मला ते सगळं जरा अंगावर येणारंही वाटलं. सतत काम, सतत भूक, सतत बापाचा मार. माझं वाचनाचं वय गेलं होतं ते आमच्या पडवीतल्या झोपाळ्यावर. दुपारी बाहेर पोफळींत वारा सुटलेला आणि हातात बोरकरांचा 'दूधसागर' नाहीतर सरदेसायांच्या कथा. वाचन म्हणजे असं काहीतरी गार गार, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. विषय मी घेतला तंबाखू उत्पादक शेतकऱ्याचा खर्च आणि त्याला मिळणारा भाव. निपाणीचा तंबाखू तेव्हा आमच्या वर्गात चर्चेचा विषय असे, कारण १९८१ ला फार वर्षं झाली नव्हती. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी भावासाठी निपाणीजवळ हमरस्त्यावर येऊन बसले होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन त्यात शेतकरी मारले गेले. माझ्या खोलीमित्राचे वडील त्या रस्त्यावर बसलेले. गावागावांतून तिकडे भाकऱ्या जात, त्यांच्या घरच्याही गेल्या. तो तेव्हा हायस्कूलात होता. गोळीबाराच्या दिवशी वडील रात्री उशिरा चालत घरी आले आणि कोणाशी काही न बोलता गोठ्यात जाऊन बसले, एवढंच तो सांगायचा. त्यापुढे विचारलं की म्हणायचा, "तुझ्या प्रबंधात हे बसत न्हाई गड्या."

तर १९९० च्या जानेवारीत मी त्याच्याबरोबर कोगनोळीला गेलो. अकरा दिवस राहिलो. गाव तेव्हा चिकोडी तालुक्यात होतं, आता ते निपाणी तालुक्यात आहे. माझ्यापाशी छापून घेतलेल्या साठ प्रश्नावल्या होत्या. एका जुन्या इंग्रजी पाहणीतली प्रश्नावली घेऊन मीच तिचं मराठी भाषांतर केलं होतं, आणि त्या भाषांतराचा मला भलताच अभिमान होता.

अकरा दिवसांत मी काय काय पाहिलं ते सगळं सांगत बसत नाही. तंबाखू मात्र सांगायला हवा, कारण तो आपल्याकडे पिकत नाही. कमरेएवढं झाड, मोठाली जाड पानं. शेंडा खुडायचा, म्हणजे झाडाचा जोर पानांत उतरतो. मग बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हा पुन्हा काढायचे. हे काम हाताने, बहुतेक बायकांच्या हाताने. पानांचा चिकट रस बोटांवर चढत जातो आणि काळा डिंकासारखा बसतो. साबणाने जात नाही. मी पोचलो तेव्हा कापणी चालू होती, कापलेली झाडं शिवारात वाळत पसरलेली. पहिल्या दिवशी हौसेने मी एक तास पानं हाताळली. संध्याकाळी जेवायला बसलो तर भाकरी कडू. ज्वारी कडू आहे की काय म्हणून मी गप्प बसून खाल्ली. खोलीमित्र हसून लोळायचा बाकी राहिला. "भाकरी न्हवं रं, तुझी बोटं कडू हाईत."

आणि घरात विड्या. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी तेव्हा विड्या वळल्या जात. त्याची आई रात्री जेवणं उरकली की सूप मांडीवर घेऊन दिव्याखाली बसायची. भिजवून मऊ केलेली टेंभुर्णीची पानं पत्र्याच्या मापाने कापायची, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सगळ्याला मिळून आपण एक वाक्य बोलतो तेवढा वेळ. मजुरी हजारावर. त्यातूनही कारखान्यात नेऊन दिल्या की काही विड्या नापास व्हायच्या. त्याला म्हणायचं 'छाट'. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट विडी परतही मिळत नाही. हा 'छाट' शब्द मी अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता. निपाणीत प्रा. सुभाष जोशींनी विडी कामगार आणि वखारींतल्या बायकांची संघटना बांधली होती, तिचं नाव तिच्याही तोंडी होतं, पण ती बोलायची ते बेताचं.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी तिच्यासमोर प्रश्नावली घेऊन बसलो. शेती किती, कर्ज किती, सगळं तिने नीट सांगितलं, जिथे नवऱ्याने चुकीचं सांगितलं होतं तिथे दुरुस्तही केलं. मग माझा चौतिसावा प्रश्न आला. इंग्रजीत तो 'सबसिडियरी ऑक्युपेशन' असा होता. मी त्याचं मराठी केलं होतं 'फावल्या वेळचा उद्योग'.

"काकी, फावल्या वेळचा उद्योग कोणता?"

तिने हातातली विडी पुरी केली, सुपात टाकली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात चेष्टा नव्हती. तिला खरोखरच समजलं नव्हतं.

"फावला येळ म्हंजे कवाचा रं बाळा? पाटं चारला उटतो. शेणघाण, धारा, सैपाक. उजाडलं की रानात जातो. दिवस बुडताना येतो. मग चूल. मग ह्ये घेऊन बसतो. ह्यातला फावला कंचा त्यो सांग, त्यो लिवू."

(त्या भागातल्या बायका स्वतःविषयी 'जातो, येतो, करतो' असंच बोलतात. 'झोंबी' वाचताना माझ्यासारखा परका वाचक जिथे ठेचकाळतो त्यातली ही एक जागा.)

मी काय केलं? काही नाही. चौतिसाव्या प्रश्नापुढे 'विड्या वळणे' असं लिहिलं आणि पस्तिसाव्याकडे गेलो. साठही घरांत तसंच लिहिलं. लघुप्रबंधात त्याचा तक्ता केला, 'फावल्या वेळातील उत्पन्न' असं त्याला शीर्षक दिलं, आणि मला चांगले गुण मिळाले. तो तक्ता आजही माझ्या कपाटात आहे. मी तो क्वचितच उघडतो.

कोगनोळीहून परतल्यावर हॉस्टेलवर पुन्हा 'झोंबी' उघडली. यावेळी ती चार रात्रींत संपली. भाषा अडली नाही, कारण आता ती मला ऐकू येत होती. वाक्य वाचलं की त्या घरातल्या कोणाचा तरी आवाज लागायचा. आणि पहिल्या वेळी जे अंगावर आलं होतं, ते काम, ती भूक, ते आता मला हिशेबासकट कळत होतं. शिकायला निघालेल्या पोराला बाप का अडवतो? तो दुष्ट म्हणून नव्हे. घरातला एक हात कमी झाला तर कसेलेल्या दुसऱ्याच्या रानाचा खंड कुठून द्यायचा, हे गणित मला माझ्या साठ प्रश्नावल्यांनी शिकवलं होतं. त्याच सुमारास आम्हाला थिओडोर शुल्ट्झ यांचं १९६४ चं पुस्तक अभ्यासाला होतं. पारंपरिक शेतकरी गरीब असतो पण वाया काही घालवत नाही, असं ते मांडतात आणि दाखल्याला ग्वाटेमालातलं एक गाव घेतात, पानाहाचेल. मी ते नाव आधी 'पणजी'सारखंच काहीतरी वाचलं होतं आणि वर्गात हशा पिकवला होता. सोल टॅक्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने त्या गावातला पैसा न् पैसा मोजून १९५३ साली पुस्तक लिहिलं. ते मी ग्रंथालयातून काढून कादंबरीसारखं वाचलं. दांडेकर आणि रथ यांचं १९७१ चं 'भारतातील दारिद्र्य' हेही असंच. आकड्यांच्या पुस्तकात मला माणसं दिसायला लागली आणि माणसांच्या पुस्तकात आकडे. लोक मला अजून विचारतात, पाहण्या नि अहवाल एवढे आवडीने कसे वाचता? त्यांच्या तळटिपांत कुठेतरी एखादी बाई 'फावला कंचा?' म्हणून विचारत असते, तिला मी शोधत असतो.

महादेव मोरेही तेव्हाच भेटले, म्हणजे पुस्तकांतून. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारा हा माणूस. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर-क्लीनर, गॅरेजातली पोरं, सगळी त्यांच्या बोलण्यासकट त्यांनी कागदावर आणली. दिवाळी अंकांत मोऱ्यांची कथा आहे का हे मी अनुक्रमणिकेत आधी बघायचो. गोव्यात त्यांचं नाव घेतलं की लोक अजूनही 'कोण?' म्हणतात. याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्यापासून घाटावर चार तासांच्या वाटेवर हे सगळं लिहिलं जात होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग मे महिन्यात मी घरी आलो.

आमच्या पडवीत दरवर्षी सुपारी सोलायला बायका येत. मापावर मजुरी. मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मी झोपाळ्यावर वाचत असे आणि त्या पलीकडे बसून सोलत असत. त्यांच्या सोलण्याचा आवाज हा माझ्या वाचनाच्या गारव्याचाच एक भाग होता. त्या वर्षी मी झोपाळ्यावर बसलो आणि वाचता येईना. आजोबांना विचारलं, "यांना मापाला किती देतो आपण?" आजोबा म्हणाले, "आता तू शिकून आलास नव्हे, तूच सांग किती द्यावे." ते चिडले नव्हते, पण ते पुढे काही बोललेही नाहीत. मग मीच एका म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसलो. तिने मजुरी सांगितली. बोटंही दाखवली. तंबाखूने काळी पडतात तशी नव्हती ती, पण नखांच्या कडा फाटलेल्या. ती मला जन्मापासून ओळखत होती, आणि मी तिला तिच्या कामाविषयी विचारण्याची ती पहिली वेळ. माझं वय तेव्हा तेवीस.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी बोरकर वाचू शकलो नाही. यात बोरकरांचा काडीचाही दोष नाही. पोफळीची राई म्हटलं की मला राईवर चढणारा माणूस दिसायचा आणि त्याच्या पायातली दोरी. कवितेला हा जाच आहे हे मला कळत होतं, पण इलाज नव्हता. अभ्यासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. होत असेल. माझ्या बाबतीत त्याने एक दार उघडलं आणि दुसरं बरीच वर्षं लावून घेतलं. पन्नाशीच्या आसपास एका पावसाळ्यात ते आपोआप उघडलं, आणि बोरकर पुन्हा आले. कसे ते मला सांगता येणार नाही.

आणि माझा मित्र? त्याची गंमत उलटी. मी 'झोंबी'त बुडालो होतो तेव्हा तो माझा 'दूधसागर' घेऊन पडलेला असायचा. हे पुस्तक १९४७ चं, आमच्या घरचं, जुनं, शिवण सुटलेलं. दूधगंगेच्या काठचा हा पोरगा, समुद्र न पाहिलेला, त्या कविता मोठ्याने वाचायचा, कोल्हापुरी हेल काढून. मला हसू यायचं. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या घरावर लिहिल्यासारखं पुस्तक तुझ्या बक्षिसात मिळालंय, ते वाच की." तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलो नाही. "तुला त्ये पुस्तक हाय. मला त्ये घर हाय. सुट्टीला घरीच जातो की मी, आनि वाचू कशाला?" मग जरा थांबून, "आनि समज वाचलं, तर आईसमोर कसा बसू?"

तो मे महिन्यात आमच्याकडे आला तेव्हा त्याला मिरामारला नेलं. पँट दुमडून तो पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला, बराच वेळ. मी विचारलं, "काय रे, पुस्तकातल्यासारखा आहे का?" तो म्हणाला, "न्हाई. आवाज लई हाय."

'दूधसागर' तो घेऊन गेला तो गेलाच. 'झोंबी'ला त्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मी त्याला पत्र टाकलं होतं. त्यात पुस्तकाची अदलाबदल कधी करायची असंही लिहिलं होतं. उत्तरात त्याने नोकरी लागल्याचं कळवलं, पुस्तकांविषयी अक्षर नाही. नदीपलीकडच्या एका हायस्कूलात तो विज्ञान शिकवायला लागला. आम्ही फोनवर भेटत राहिलो, लग्नाकार्याला गेलो-आलो. त्याची मुलं इंग्रजी माध्यमात शिकली. कन्नड त्यांना चांगलं येतं, मराठी बोलतात, वाचतात मात्र क्वचित. यावर तो कुरकुरत नाही आणि मीही काही बोलत नाही, कारण माझ्या घरी फारसं वेगळं नाही. राजभाषेच्या वादात एकमेकांची डोकी फोडायला निघालेल्या आमच्या पिढीने आपल्या नातवंडांच्या हातात काय ठेवलं, हे एकदा बघायला हवं. असो.

वाचनालयातल्या त्या कार्यक्रमानंतर महिन्याभराने मला कोल्हापूरला जायचं होतं. त्याला फोन केला. म्हणाला, "गावात शिरू नको, येळ जाईल तुझा. नाक्याच्या अलीकडं सर्व्हिस रोडला थांब, मी येतो." तो स्कूटरवर आला. केस पांढरे, निवृत्त होऊन काही वर्षं झालेली. आई जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा मी आलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. "तंबाखू?" मी विचारलं. "हाय, पर आता ऊसच जास्त." शेजारून ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या, आमचं बोलणं मधून मधून बुडत होतं.

त्याने डिकीतून गुळाची ढेप काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक. 'दूधसागर'. कुणाकडून तरी नीट बांधून घेतलेला, वर खाकी कव्हर, त्यावर त्याच्या मास्तरी अक्षरात कवीचं नाव. "पस्तीस वर्सं वापरलं. आता डोळ्यानं बारीक दिसत न्हाई. तुझं तुला."

मीही गाडीतून 'झोंबी' काढली. मुद्दाम आणली होती. आतल्या पानावर त्याचं नाव आणि स्पर्धेचा शिक्का, आणि मधे कुठेतरी तपकिरी डाग, तो माझ्या अंगठ्याचा. कोगनोळीहून आलो त्या आठवड्यातला.

त्याने पुस्तक हातात घेतलं. पहिलं पान उघडून आपलं नाव बघितलं. मी म्हटलं, "आता वाचणार?"

"बघू," तो म्हणाला. मग पुस्तक त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने डिकीत ठेवलं, आणि डिकी बंद झाली की नाही ते दोनदा दाबून बघितलं.